पाण्याशिवाय थंड होणारं डेटा सेंटर मराठवाड्यात परवडेल का? उत्तर पंख्यांच्या वेगात आहे

महाराष्ट्रात डेटा सेंटरची चर्चा आता फक्त गुंतवणुकीच्या बातम्यांपुरती राहिलेली नाही. ही केंद्रं पाणी किती पिणार आणि वीज किती खाणार, हे प्रश्नही विचारले जाऊ लागले आहेत. त्यावर उद्योगाकडून येणारं एक उत्तर असं असतं : 'आम्ही थंड करण्यासाठी पाणी वापरतच नाही, आमच्याकडे ड्राय कूलर आहेत.'

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. ड्राय कूलर पाणी वाचवतो आणि त्याची किंमत विजेत वसूल करतो. ती किंमत किती, हे मोठ्या प्रमाणात एका गोष्टीवर ठरतं : ड्राय कूलरचे पंखे कधी, किती आणि कोणत्या वेगाने फिरवायचे. प्रकल्प कागदावर असतानाच हा हिशोब कॉम्प्युटरवर मांडून बघता येतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. हा हिशोब नीट झाला नाही, तर 'शून्य पाणी' हा शब्द फसवा ठरू शकतो.

आत्ताच हा विषय का?

देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहे. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात, वीजपुरवठा तुलनेने भरवशाचा आहे आणि बँका-शेअर बाजाराची मोठी मागणी शेजारीच आहे. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात डेटा सेंटरसाठी सवलती आहेत. जानेवारी २०२५ मध्ये ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने महाराष्ट्रात २०३० पर्यंत ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली.

दुसरीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या डेटा सेंटरच्या रचनेत थंड करण्यासाठी पाण्याचं बाष्पीभवन करणार नसल्याचं जाहीर केलं. त्यामुळे एका केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल, असा कंपनीचा अंदाज आहे.

सध्या बहुतेक प्रकल्प मुंबई आणि पुण्याभोवती आहेत. पण पाणी लागणार नसेल, तर स्वस्त जमीन आणि भरपूर ऊन असलेला मराठवाडा का नको, असा प्रश्न कधी ना कधी येणारच. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यातलं राणीसावरगाव उदाहरणादाखल घेऊ. तिथे असं केंद्र उभं राहतंय अशी बातमी नाही, हे गाव आपण फक्त हिशोबासाठी घेतलं आहे.

कूलर आणि एसी यांतला फरक

मराठवाड्यातल्या माणसाला यातलं निम्मं विज्ञान घरातच माहीत असतं. घरातल्या कूलरमध्ये गवताच्या जाळीवरून पाणी सोडतात, पंखा त्यातून हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा थंड होते. वीज कमी लागते, पण टाकी सारखी भरावी लागते. एसीचं उलट असतं. त्याला पाणी लागत नाही. गच्चीवरचं किंवा खिडकीबाहेरचं युनिट पंख्याने गरम हवा बाहेर फेकत राहतं, आणि बिल वाढतं.

मोठ्या इमारतींत हेच मोठ्या आकारात घडतं. चिलर हे यंत्र पाणी थंड करतं आणि ते पाणी इमारतीत फिरवलं जातं. आतून शोषलेली उष्णता कुठेतरी फेकावी लागते. ती फेकण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून उष्णता जाते, म्हणजे घरातला कूलर. ड्राय कूलरमध्ये गरम पाणी बंद नळ्यांतून फिरतं आणि पंखे त्यावरून हवा मारतात, म्हणजे ट्रॅक्टरचा रेडिएटर. रेडिएटरमधलं पाणी उडून जात नाही, तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

आता आकडे बघू. समजा, राणीसावरगावात ५०० किलोवॉट उष्णता काढणारा एक लहान चिलर बसवला. कूलिंग टॉवर असेल तर चिलरच्या कॉम्प्रेसरची उष्णता धरून साधारण ५९० किलोवॉट बाहेर फेकावी लागेल. एका युनिटइतकी उष्णता वाफेवाटे घालवायला सुमारे दीड लिटर पाणी लागतं. म्हणजे तासाला ८८५ लिटर आणि पूर्ण भारावर दिवसाला सुमारे २१ हजार लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर रोज फक्त हवेत उडाले. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशोबाने हे ३८६ माणसांचं पाणी झालं. क्षार साचू नयेत म्हणून टॉवरमधून अधूनमधून सोडून द्यावं लागणारं पाणी यात धरलेलं नाही.

हेच केंद्र शंभरपट, म्हणजे ५० मेगावॉटचं असेल, तर रोजची वाफ २१ लाख लिटरवर जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या रेल्वेगाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे रोज अशा चार गाड्या.

परळीत काय झालं होतं?

थंड करायला पाणी नाही म्हणून यंत्रणा बंद पडणं, ही या भागासाठी कल्पनेतली गोष्ट नाही. गंगाखेडहून रेल्वे जाते त्या परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राला परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातून, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून पाणी मिळतं. २०१३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०१५ च्या जुलैमध्ये पाण्याअभावी तिथली वीजनिर्मिती बंद ठेवावी लागली. पाणी नाही म्हणून चाकं थांबली.

वीज केंद्रांनाही पाण्याऐवजी हवेने थंड करता येतं. झारखंडमधल्या एनटीपीसीच्या उत्तर करणपुरा प्रकल्पात हवेने थंड होणारे कंडेन्सर आहेत. पण तिथेही सौदा तोच आहे : पाणी वाचतं आणि विजेचा काही वाटा पंख्यांकडे जातो.

त्यामुळे मराठवाड्यात कोणतंही मोठं शीतकरण उभारायचं तर कोरडी पद्धत हवी, हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

कोरडी हवा, उलटा पेच

कूलिंग टॉवर पाणी किती थंड करू शकेल, हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. मे महिन्यातल्या दुपारी परभणी भागात पारा ४२ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवेल. याला ओलं तापमान म्हणू. चांगला कूलिंग टॉवर त्यापेक्षा चारेक अंश वर, म्हणजे २६ अंशांपर्यंत पाणी आणून देतो. ड्राय कूलरला मात्र कोरडी ४२ अंशांचीच हवा मिळते. त्यावर आठेक अंश धरले, तर चिलरकडे परत येणारं पाणी ५० अंशांचं असतं. फरक २४ अंशांचा.

मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान साडेसत्तावीसच्या घरात जातं. तिथे टॉवरचं पाणी साधारण साडेएकतीस, ड्राय कूलरचं ४१. फरक दहाच्या आत.

म्हणजे पेच असा आहे : जिथे पाणी नाही, तिथेच पाण्याने थंड करणं सर्वांत फायद्याचं ठरतं. आणि ड्राय कूलरची सर्वांत कठीण परीक्षाही तिथेच, मे महिन्यात होते.

हे अंश महत्त्वाचे का? चिलरमधला कॉम्प्रेसर उष्णता खालून वर ढकलतो. विहिरीतून पाणी उपसताना पातळी जितकी खोल, तितका पंपावर ताण जास्त, तसंच हे आहे. बाहेरचं पाणी एक अंशाने जास्त गरम असेल, तर कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. आपल्या उदाहरणात टॉवर असताना कॉम्प्रेसर ९० किलोवॉट घेत असेल, तर मेच्या दुपारी ड्राय कूलरवर तो १५० च्या आसपास जाईल.

पण वर्षाचे ८,७६० तास असतात आणि सगळे मेच्या दुपारसारखे नसतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा पहाटे अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातम्यांत हे नाव दरवर्षी असतं. वर्षाचा निकाल या उरलेल्या तासांत लागतो आणि तिथे पंख्यांची कहाणी सुरू होते.

पंख्याचा वेग निम्मा, वीज एक अष्टमांश

पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज निम्मी होत नाही. ती आठव्या हिश्श्यावर येते. वेग ८० टक्के केला तरी वीज जवळपास निम्म्यावर येते. हवा वेगाच्या प्रमाणात बदलते आणि वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात.

आपल्या ड्राय कूलरला प्रत्येकी दोन किलोवॉटचे दहा पंखे आहेत असं समजा. निम्मी हवा हवी असेल तर दोन मार्ग आहेत. पाच पंखे बंद करून पाच पूर्ण वेगाने फिरवले, तर १० किलोवॉट लागतात. दहाही पंखे निम्म्या वेगाने फिरवले, तर अडीच किलोवॉट. प्रत्यक्षात वेग बदलणाऱ्या उपकरणाची थोडी वीज वाया जाते, तरीही फरक प्रचंड राहतो.

याचा दुसरा अर्थ असा की पूर्ण वेगाकडे जाताना शेवटचे २० टक्के सर्वांत महाग असतात. त्या टप्प्यात पंख्यांची वीज दुप्पट होते आणि हवा फक्त एक चतुर्थांशाने वाढते.

तोच तास, तीन बिलं

आता नोव्हेंबरमधली एक संध्याकाळ घ्या. बाहेर २५ अंश आणि चिलरवर निम्मा भार. पुढचे आकडे समजण्यासाठी ढोबळ मांडले आहेत. यंत्रागणिक ते बदलतील, पण चित्र असंच राहील.

• पंखे पूर्ण वेगाने : पंखे २० किलोवॉट घेतात. पाणी २९ अंशांवर येतं, म्हणून कॉम्प्रेसर ४० वर भागवतो. एकूण ६०.

• उन्हाळ्यासाठी ठरवलेला आकडा तसाच ठेवून, पाणी ४२ अंशांवर धरलं : पंखे जेमतेम ३० टक्के वेगाने फिरतात, अर्धा किलोवॉट घेतात. पण कॉम्प्रेसर ५३ वर जातो. एकूण साडेत्रेपन्न.

• बाहेरच्या हवेबरोबर लक्ष्य बदललं, पाणी ३३ अंशांवर ठेवलं : पंखे ६० टक्के वेगाने ४.३ किलोवॉट घेतात, कॉम्प्रेसर ४४. एकूण ४८.३.

यंत्र तेच आणि हवाही तीच, तरी पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीत जवळपास १२ किलोवॉटचा फरक पडला. दुसऱ्या पद्धतीत पंख्यांची वीज नगण्य असूनही ती सर्वांत स्वस्त ठरली नाही. फक्त पंख्यांचं बिल बघणारा आणि फक्त कॉम्प्रेसरचं बिल बघणारा, दोघेही चुकतात. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो वेग बरोबर. आणि तो वेग प्रत्येक तासाला बदलतो.

हिवाळ्यात आणखी एक नियम आडवा येतो. बाहेरचं पाणी फार थंड झालं, तर चिलरच्या आतला वायू पुरेशा दाबाने फिरत नाही आणि यंत्र कुरकुरतं. म्हणून एका मर्यादेखाली पंखे मुद्दाम मंद करावे लागतात. आणि त्याहूनही थंडी असेल तर चांगली बातमी : इमारतीला २० अंशांचं पाणी हवं असेल आणि बाहेर दहा अंश असतील, तर कॉम्प्रेसर बंद करून ड्राय कूलरनेच काम भागतं. त्या वेळी पंख्यांना नवा हुकूम द्यावा लागतो, कारण आता थेट आतलं पाणीच २० वर राखायचं असतं.

मग सिम्युलेशनमध्ये घोळ कुठे होतो?

असे हिशोब करायला सॉफ्टवेअर आहेत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं एनर्जीप्लस तर मोफत मिळतं. त्यात एखाद्या ठिकाणच्या हवामानाची तासागणिक नोंद टाकली की वर्षभराची वीज निघते. पण उत्तर आपण काय विचारलं यावर अवलंबून असतं. चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावं लागतं.

पहिलं, पंखा कोणत्या प्रकारचा दाखवला आहे? एनर्जीप्लसमध्ये ड्राय कूलर एक-वेगी किंवा दोन-वेगी पंख्याचा म्हणून मांडता येतो. एक-वेगी पंख्याच्या हिशोबात निम्म्या हवेला निम्मी वीज धरली जाते. प्रत्यक्षात वेग बदलणारे पंखे बसवणार असाल, तर त्याचा नियम वेगळा लिहून जोडावा लागतो. नाहीतर आपल्याच उदाहरणात अडीच किलोवॉटच्या जागी दहा दिसतील. उलटंही होतं : कागदावर वेग बदलणारे पंखे दाखवायचे आणि गच्चीवर साधे बसवायचे.

दुसरं, लक्ष्य तापमान स्थिर आहे की हवेबरोबर सरकतं? अहवालात हा एक आकडा कुठेतरी कोपऱ्यात असतो, आणि वर दिलेल्या तीन बिलांमधला फरक तोच ठरवतो.

तिसरं, हवा कुठली? राणीसावरगावसारख्या गावासाठी तासागणिक हवामानाची तयार फाईल सहसा नसते. मग एखाद्या मोठ्या शहराची वापरली जाते. ती मुंबईची असेल तर मेची दुपारही गेली आणि जानेवारीची पहाटही. शिवाय अशा फाइली मागच्या वर्षांतलं 'सर्वसाधारण' वर्ष दाखवतात, उष्णतेची लाट त्यात बोथट होते.

चौथं, गच्चीवर शेजारी-शेजारी उभ्या केलेल्या ड्राय कूलरनी फेकलेली गरम हवा पुन्हा त्यांनाच मिळते. हवामान केंद्र ४२ सांगत असलं तरी पंख्याच्या तोंडाशी ४५ असू शकतात. तासागणिक हिशोबाला हे दिसत नाही. पंखे मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहिले, तर तेही त्यात दिसत नाही, कारण तासाची सरासरी शांतच असते.

पाणी वाचलं, की परळीला गेलं?

आता 'शून्य पाणी' या दाव्याकडे परत येऊ. ड्राय कूलरला लागणारी जादा वीज कुठून तरी येते. महाराष्ट्रात अजूनही विजेचा मोठा वाटा कोळशाचा आहे आणि कोळशाच्या केंद्राला पाणी लागतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या नियमांनुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा एका युनिटमागे साडेतीन लिटर आहे.

मेच्या दुपारी आपल्या उदाहरणात टॉवरसह एकूण १०० किलोवॉट लागत होते, ड्राय कूलरसह १७० लागतात. जादा ७० किलोवॉट. ही सगळी वीज अशा केंद्रातून आली आणि मर्यादेइतकं पाणी धरलं, तर तासाला २४५ लिटर पाणी वीज केंद्रात खर्च होतं. टॉवर ८८५ लिटर उडवत होता. म्हणजे वाचलेल्या पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त दुसरीकडे उडालं. ते परळीसारख्या ठिकाणी गेलं तर गोदावरीच्या त्याच खोऱ्यातून.

तरीही ड्राय कूलर फायद्यातच राहतो, हे स्पष्ट आहे. पण हा फायदा शंभर टक्के नाही आणि पंखे बेहिशोबी चालवले तर तो आणखी आटतो. नोव्हेंबरच्या संध्याकाळचा १२ किलोवॉटचा फरक वर्षात दोन हजार तास राहिला, तर सुमारे २३ हजार युनिट वाया जातात. आठ रुपये युनिट धरलं तर पावणेदोन लाखांहून जास्त रुपये, आणि वीज केंद्रात आठेक टँकर पाणी. हे ५०० किलोवॉटच्या चिमुकल्या यंत्राचं झालं. ५० मेगावॉटला ते शंभरपट समजा.

वीज सौर असेल तर पाण्याचा हा दुसरा खर्च बराच कमी होतो. योगायोग असा की सर्वांत जास्त जादा वीज लागते ती मेच्या दुपारी, जेव्हा सौर पॅनलही भरात असतात. मराठवाड्याच्या बाजूने असलेला हा खरा मुद्दा आहे. पण रात्री केंद्र बंद होत नाही आणि मेच्या रात्रीही हवा तापलेलीच असते.

मधला मार्गही आहे. ड्राय कूलरसमोर ओल्या जाळ्या लावायच्या आणि वर्षातल्या अगदी तापलेल्या तासांपुरतंच त्यांवर पाणी सोडायचं. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांवर वाळ्याचे पडदे भिजवतात, तसंच. मात्र ते काही तास म्हणजे नेमके मे महिन्यातले, गावाला टँकरची वाट बघायला लावणारे. त्यामुळे वर्षाची सरासरी इथे पुरेशी नाही, महिन्यागणिक पाणी किती हे सांगायला हवं.

असा प्रकल्प आला तर काय विचारायचं?

ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत इंजिनिअर नसलेल्या माणसालाही हे प्रश्न विचारता येतील :

१. वर्षाचं पाणी आणि वीज वेगवेगळी न दाखवता एकत्र दाखवली आहे का, तीही महिन्यागणिक?

२. हिशोबासाठी हवामान कुठलं आणि कोणत्या वर्षांचं घेतलं? ४४ अंशांच्या दिवशी काय होतं?

३. पंखे वेग बदलणारे आहेत का, आणि त्यांचं लक्ष्य तापमान हवेबरोबर बदलतं का?

४. जादा वीज कुठून येणार, दिवसा आणि रात्रीही?

५. प्रकल्प सुरू झाल्यावर मीटरचे आकडे सिम्युलेशनशी जुळतात का, हे कोण तपासणार आणि लोकांना कुठे दिसणार?

यातला पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगलं सिम्युलेशन हे एक प्रकारचं वचन असतं : या हवेत, पंखे या पद्धतीने चालवले तर इतकीच वीज लागेल. ते कागद मंजुरीनंतर कपाटात गेले आणि पंखे कुणीतरी कायमचे पूर्ण वेगावर ठेवले, तर वचन मोडल्याचं कुणालाच कळत नाही. पाण्याचा टँकर दिसतो, मोजता येतो, अडवता येतो. पंख्यातून वाया गेलेली वीज दिसत नाही. म्हणून ती आधी मागून घ्यावी लागते, आकड्यांत आणि लेखी.